पैसे वसूल करणं हे फौजदाराचं काम नाही

नाशिक जिल्ह्यात द्राक्षांचा हंगाम उतरणीला लागला की एक बातमी हमखास वाचायला मिळते. बाहेरून आलेल्या व्यापाऱ्याने बांधावर सौदा केला, पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजले, पुढच्या गाड्यांसाठी चेक लिहून दिले आणि बाग खाली होताच फोन बंद केला. शेतकरी पोलीस ठाण्यात जातो. तिथं बहुतेक वेळा त्याला सांगितलं जातं, "हा देण्याघेण्याचा वाद आहे, दिवाणी कोर्टात दाद मागा." दिवाणी कोर्ट म्हणजे काय, हे त्याला चांगलं ठाऊक असतं. आजोबांनी लावलेला बांधाचा दावा त्याने लहानपणापासून घरात पाहिलेला असतो. म्हणून तो पोलीस ठाणं सोडत नाही. ओळख काढतो, आमदाराकडून फोन लावून घेतो, वरच्या साहेबांना भेटतो. २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्राच्या पोलिसांनी अशा बुडव्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीमच उघडली. गुन्हा दाखल होणार म्हटल्यावर पैसे परत येऊ लागले आणि त्या कारवाईचं शेतकऱ्यांनी मनापासून स्वागत केलं.

त्या शेतकऱ्यांच्या पदरात पैसे पडले याचा मला आनंदच आहे. वर्षभर बागेत राबलेल्या माणसाला कायद्याच्या शाखा-उपशाखा समजावून सांगायला मी जाणार नाही. पण ज्यांना कायदा घडवायचा आणि राबवायचा आहे, त्यांना हा प्रश्न विचारायलाच हवा: उधारी वसूल करायला पोलीस लागतात, ही स्थिती आपण मान्य करून टाकली आहे का? माझ्या मते केली आहे, आणि त्याची किंमत मोठी आहे. फौजदारी कायदा वसुलीच्या कामाला जुंपला की त्याचं स्वतःचं काम मागे पडतं, आणि दिवाणी न्यायालयं सुधारण्याची निकड कुणालाच उरत नाही.

दिवाणी आणि फौजदारी हे दोन्ही शब्द आपल्याकडे मोगली कारभारातून आले. दिवाण महसूल आणि हिशेब पाहायचा, फौजदाराच्या हाताखाली शिपाई असायचे. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालमध्ये जिल्ह्याजिल्ह्यात दिवाणी अदालत आणि फौजदारी अदालत अशी वेगवेगळी न्यायालयं बसवली, ती याच नावांनी. आजही गावात पोलीस उपनिरीक्षकाला फौजदारच म्हणतात. शब्द टिकले, पण त्यांच्यामागचा फरक धूसर झाला आहे.

तो फरक समजून घ्यायचा तर खटल्याचं शीर्षक वाचावं. दिवाणी दाव्यात वादी तुम्ही असता आणि प्रतिवादी तुमचा शेजारी, भाऊ किंवा व्यापारी असतो. फौजदारी खटल्यावर लिहिलेलं असतं, 'महाराष्ट्र शासन विरुद्ध' अमुक. दरोडा माझ्या घरावर पडला तरी खटला शासन चालवतं आणि मी त्यात साक्षीदार असतो. पीडितांच्या नातेवाइकांना हे फार लागतं. आमचं माणूस गेलं आणि कोर्टात आम्हालाच कुणी विचारत नाही, ही त्यांची तक्रार खरी आहे. मात्र या रचनेमागे एक विचार आहे. काही कृत्यं अशी असतात की ती एका माणसाविरुद्ध घडली तरी सगळ्यांच्या सुरक्षिततेला हात घालतात. त्यांचा जाब सगळ्यांच्या वतीने विचारायचा असतो. पीडिताने माफ केलं, तो घाबरला किंवा विकला गेला, तरी तो जाब थांबता कामा नये.

दिवाणी न्यायालयाची नजर नुकसान झालेल्या माणसावर असते. त्याचं काय गेलं, किती गेलं आणि ते त्याला परत कसं मिळेल, एवढंच तिथं पाहायचं. ज्याच्याकडून नुकसान झालं तो लबाड होता की भाबडा, याने बहुतेक वेळा फरक पडत नाही. करार मोडला, भरपाई द्या. फौजदारी न्यायालयाची नजर करणाऱ्यावर आणि त्याच्या मनावर असते. त्याचा हेतू काय होता? त्याला कळत होतं का? या प्रश्नांची उत्तरं चुकली तर एका माणसाचं स्वातंत्र्य जातं, म्हणून तिथं पुरावा वाजवी शंकेच्या पलीकडचा लागतो. दिवाणीत दोन्ही बाजू तोलून जी अधिक संभवनीय वाटेल ती धरली जाते. एकच घटना दोन्ही काट्यांवर तोलली जाऊ शकते. ट्रकने दुचाकीला उडवलं तर चालकावर फौजदारी खटला चालतो आणि मृताच्या घरचे मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे भरपाई मागतात. चालक शंकेचा फायदा मिळून सुटला तरी घरच्यांना विमा कंपनीकडून पैसे मिळू शकतात. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. उधारीच्या बाबतीत मात्र आपण दोन्ही काटे एकत्र बांधून टाकले.

हे महाराष्ट्रात घडावं याचं मला विशेष दुःख होतं. कर्जासाठी माणसाला तुरुंगात टाकावं का, या प्रश्नावर आपल्याच गावांनी एकेकाळी ठिणगी टाकली होती. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं फोडली आणि कर्जरोखे जाळले. पुढे हा उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. माणसांवर हात टाकण्यापेक्षा लोकांचा रोख कागदांवर होता. सावकार रोख्यात काय लिहिलंय ते न समजावता अंगठा घ्यायचा, कोर्टात एकतर्फी हुकूमनामा (वसुलीचा आदेश) मिळवायचा आणि मग कुळाला अटकेचा धाक घालायचा. अटक टळावी म्हणून कूळ पुन्हा नव्या, आणखी जाचक रोख्यावर अंगठा उठवायचं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी आलेल्या त्या कायद्यात एक स्वच्छ तरतूद होती: पैशांच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करता येणार नाही की कैदेत ठेवता येणार नाही. रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता मूळ देवघेव तपासण्याचा अधिकारही न्यायालयांना मिळाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

पुढे शंभर वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व साऱ्या देशासाठी सांगितलं. १९८० सालच्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निर्णय दिला की, ऐपत असून बदनियतीने देणं टाळणाऱ्याची गोष्ट वेगळी, पण केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला कैदेत टाकणं जीवित आणि स्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदात बसत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत कर्जदाराच्या कैदेची तरतूद आजही आहे, पण तिच्याभोवती कुंपण घातलेलं आहे. कर्जदाराकडे ऐपत आहे आणि तो मुद्दाम देत नाही, किंवा पळून जाण्याच्या, मालमत्ता दडवण्याच्या बेतात आहे, असं काही न्यायाधीशाने कारणं नोंदवून ठरवावं लागतं. कैद तीन महिन्यांच्या वर जात नाही. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही.

एवढं सगळं पुढच्या दाराने मिळवलं आणि मागच्या दाराने घालवलं. १९८८ च्या दुरुस्तीने परक्राम्य संलेख कायद्यात कलम १३८ घातलं गेलं. १ एप्रिल १९८९ पासून खात्यात पैसे नसल्याने चेक न वटणं हा गुन्हा झाला. हेतू सरळ होता. व्यापारात चेकवर लोकांचा विश्वास बसावा. सुरुवातीला शिक्षा एक वर्षापर्यंत होती, २००२ च्या दुरुस्तीने ती दोन वर्षांपर्यंत गेली. दंड चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत होऊ शकतो. शिवाय चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं कायदा गृहीत धरतो आणि तसं नव्हतं हे दाखवण्याचा भार आरोपीवर टाकतो. कर्ज देताना सही केलेले कोरे चेक काढून घेण्याची रीत यातूनच फोफावली. कर्ज घेताना सही न करून सांगतो कुणाला? सुप्याच्या कुळाच्या अंगठ्याची जागा या कोऱ्या चेकने घेतली आहे. हप्ता चुकला की त्यावर हवी ती रक्कम पडते आणि कर्जदाराला समन्स येतं. तारखेला गैरहजर राहिला तर वॉरंट निघतं.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पी. मोहनराज खटल्यात कलम १३८ च्या कारवाईचं वर्णन फौजदारी लांडग्याचं कातडं पांघरलेली दिवाणी मेंढी असं केलं. ते अचूक आहे, पण ज्याच्या दारात ती उभी राहते त्याला लांडगाच दिसतो. त्याच वर्षी या खटल्यांच्या दिरंगाईचा विचार करताना न्यायालयापुढे आलेला आकडा असा होता: जिल्हा न्यायालयांत चेकचे ३५ लाखांहून अधिक खटले तुंबलेले, म्हणजे एकूण प्रलंबित फौजदारी खटल्यांच्या १५ टक्क्यांहून जास्त. ज्या दंडाधिकाऱ्यांसमोर चोरी, मारामारी, छळ आणि विनयभंगाचे खटले चालायचे, त्यांच्या दिवसाचा मोठा वाटा पतपेढ्यांच्या आणि फायनान्स कंपन्यांच्या वसुलीत जातो. तालुक्याच्या कोर्टात छळाची फिर्याद घेऊन आलेल्या बाईला तारीख मिळते, त्याचं हेही एक कारण आहे, आणि ते कुणी तिला सांगत नाही.

जून २०२० मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने हे कलम फौजदारीतून वगळण्याचा प्रस्ताव चर्चेसाठी मांडला होता. व्यापारी आणि वित्त क्षेत्रातून विरोध झाला आणि तो मागे पडला. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मी हलकं मानत नाही. तुरुंगाची भीती गेली तर कुणी पैसेच देणार नाही, असं ते म्हणत होते. म्हणजे दिवाणी न्यायालयाची कुणाला भीती नाही, हे त्यांनी उघड सांगितलं, आणि ते खरं होतं.

चेकच्या बाबतीत निदान कायद्यानेच तशी वाट काढून दिली आहे. त्याहून वाईट प्रकार फसवणुकीच्या गुन्ह्याचा आहे. लोकांच्या तोंडी अजून चारशेवीसच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८(४) झालं. वचन मोडणं आणि फसवणूक यांतली रेघ सर्वोच्च न्यायालयाने २००० सालच्या हृदय रंजन वर्मा खटल्यात स्पष्ट केली आहे: व्यवहार करतानाच, अगदी पहिल्या क्षणी, फसवण्याचा हेतू असेल तरच तो गुन्हा. पुढे पैसे देता आले नाहीत म्हणून मागचा हेतू वाईट ठरत नाही. द्राक्षाच्या व्यापाऱ्याला हीच कसोटी लावून पाहा. एकाने खोटं नाव सांगितलं, भाड्याच्या शेडवर फलक लावला, विश्वास बसावा म्हणून पहिली गाडी रोख घेतली आणि शंभर जणांचा माल उचलून पसार झाला. तो चोर आहे. त्याला 'दिवाणी वाद' म्हणून सोडणारा पोलीस आपलं कर्तव्य टाळतो. दुसऱ्याचा कंटेनर परदेशातल्या बंदरात नाकारला गेला, माल सडला आणि तो बुडाला. त्याच्याकडे शेतकऱ्याचे पैसे तितकेच अडकले आहेत, शेतकऱ्याच्या घरातली अडचणही तीच आहे. तरीही तो गुन्हेगार नाही.

पोलीस ठाण्याच्या टेबलावर मात्र या दोघांत एकच फरक उरतो: कोण पैसे आणून देतो आणि कोण देत नाही. पैसे आले की फिर्यादी समाधानी होतो, गुन्हा दाखल असला तरी तडजोड होते आणि उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घेता येतो. सराईत ठगाला हे बरोबर कळतं. तो जिथं ओरड जास्त, तिथले पैसे भागवतो आणि तेही दुसऱ्या गावातून उचललेल्या पैशांतून. ज्यांना आमदार ओळखत नाही ते शेतकरी तसेच राहतात, ठग सुटतो आणि पुढच्या हंगामात दुसऱ्या तालुक्यात शेड भाड्याने घेतो. वसुली झाली, पण फौजदारी कायद्याने जे करायचं होतं ते झालंच नाही. उलट बुडालेला व्यापारी, ज्याच्याकडे द्यायला खरोखर काही नाही, तोच कोठडीत जातो.

सर्वोच्च न्यायालय हे वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. २००६ मध्ये इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या निकालात त्याने दिवाणी वादांना फौजदारी रूप देण्याच्या वाढत्या प्रवृत्तीवर बोट ठेवलं. त्याचं कारणही नोंदवलं: दिवाणी उपाय वेळखाऊ आहेत आणि धनकोचं पुरेसं संरक्षण करत नाहीत, असा लोकांचा समज. २०२३ मध्ये न्यायालयाने बजावलं की जामिनाचा अर्ज हे वादातल्या रकमेच्या वसुलीचं साधन नाही. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अशाच एका प्रकरणात सरन्यायाधीश संजीव खन्ना यांनी कायद्याचं राज्य कोलमडल्याचे उद्गार काढले. पण ज्या माणसाला त्याचा पैसा हवा आहे, तो निकालपत्रं वाचून थांबणार नाही. त्याला दुसरं दार उघडं दिसलं पाहिजे.

या सरमिसळीची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला अधिक भयानक वाटते. जिथं शिक्षा व्हायला हवी तिथं पैसे मोजून सुटता येणं. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइड कंपनीच्या कारखान्यातल्या विषारी वायूने हजारो माणसं मेली. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, आणि त्या रकमेसोबत फौजदारी कारवाईही संपवून टाकण्यात आली. भरपाई आणि जाब एकाच पिशवीत घालून गाठ मारली गेली. वायुपीडितांनी त्याविरुद्ध संघर्ष केला आणि ऑक्टोबर १९९१ मध्ये न्यायालयाने तडजोड कायम ठेवली, पण फौजदारी खटले पुन्हा जिवंत केले. पुढे १९९६ मध्ये आरोप सौम्य झाले आणि जून २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. कंपनीचा अध्यक्ष वॉरन अँडरसन कधीच खटल्याला उभा राहिला नाही. ४७ कोटी डॉलर कमी होते की पुरेसे, हा दिवाणी प्रश्न आहे, आणि ते कमीच होते असं मला वाटतं. पण रक्कम कितीही मोठी असती तरी तिने 'हे कुणी होऊ दिलं?' हा प्रश्न विकत घेता कामा नये होता. तो प्रश्न एकट्या वायुपीडितांचा नव्हता, कारखान्याच्या कुंपणाबाहेर राहणाऱ्या प्रत्येकाचा होता.

एक आक्षेप मला खरोखर अडवतो. दिवाणी न्याय हा पैसेवाल्याचा न्याय आहे, असं अनेक कार्यकर्ते सांगतात. वसुलीचा दावा लावायचा तर रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा २०१८ मध्ये तीन लाखांवरून दहा लाखांवर गेली. वकील, टायपिंग आणि तारखेला मोडणारा रोज वेगळाच. पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला फी लागत नाही. ज्या ऊसतोड मजुराची उचल मुकादमाने बुडवली, त्याला आपण दावा लावा म्हणून सांगणार का? नाही सांगता येत. म्हणून पोलिसांनी हात वर करावेत, असं मी म्हणत नाही. फसवणुकीचा संशय दिसला तर त्यांनी प्राथमिक चौकशी करावी. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिताकुमारी निकालाने व्यापारी व्यवहारांच्या तक्रारींत तशी मुभा दिली आहे, आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी चौदा दिवसांची चौकशी आहे. ती चौकशी हेतूची असावी. पैसे कधी देतोस, हा प्रश्न तिच्यात नसावा.

आणि फौजदारी न्यायालयानेही पीडिताच्या नुकसानीकडे पाठ फिरवू नये. २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या अंकुश शिवाजी गायकवाड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, दोषी ठरवलेल्या प्रत्येक खटल्यात भरपाईचा विचार करणं आणि त्याची कारणं नोंदवणं न्यायालयाला बंधनकारक आहे. यात माझ्या म्हणण्याला बाध येत नाही. गुन्हा सिद्ध झाल्यावर भरपाई देणं वेगळं, आणि भरपाई मिळावी म्हणून गुन्हा उभा करणं वेगळं.

खरं दुखणं दावा जिंकल्यानंतर सुरू होतं. भारतातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, १८७२ मध्येच लिहून ठेवलं होतं. हुकूमनामा म्हणजे पैसे नव्हेत. त्यासाठी पुन्हा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करायची, प्रतिवादीची मालमत्ता कुठं आहे ते आपणच शोधून कोर्टाला द्यायचं, जप्तीचा हुकूम मिळवायचा आणि मग जप्ती करणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, बेलिफाच्या, मागे फिरायचं. बेलिफ गेला तर घराला कुलूप असतं. तोवर जमीन बायकोच्या नावावर, ट्रॅक्टर मेव्हण्याच्या दारात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढायला सांगितलं. २०२५ मध्ये त्याने देशभराचे आकडे मागवले तेव्हा ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून असल्याचं दिसलं, आणि त्यातल्या ३ लाखांहून अधिक एकट्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत होत्या. सगळ्या देशात सर्वांत जास्त. इथं नवीन दावे मोजलेले नाहीत. जे लोक जिंकले आहेत, ज्यांच्या हातात न्यायाधीशाची सही-शिक्का असलेला कागद आहे आणि तरीही ज्यांना काही मिळालेलं नाही, ते हे लोक आहेत.

म्हणून माझी मागणी कठोर कलमांची नाही. प्रत्येक तालुका न्यायालयात पुरेसे बेलिफ हवेत. हरलेल्या प्रतिवादीला स्वतःची मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर जाहीर करायला लावण्याची तरतूद दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, ती पहिल्याच तारखेला वापरली जावी, आणि खोटं प्रतिज्ञापत्र दिलं तर तिथं फौजदारी जरूर यावी, कारण तो न्यायालयाशी केलेला गुन्हा आहे. शेतमालाच्या आणि मजुरीच्या लहान रकमांसाठी फी माफ करून ठरावीक दिवसांत निकाल देणारी न्यायालयं हवीत. आणि चेकच्या खटल्यांत तुरुंगाची शिक्षा फक्त बदनियत सिद्ध झाल्यावरच असावी. ज्या मातीत १८७९ मध्ये शेतकरी कर्जदाराची कैद बंद झाली, तिथल्या विधिमंडळात या विषयावर एक पूर्ण दिवस चर्चा व्हायला काय हरकत आहे?

या हंगामात एखादा बागायतदार न वटलेले चेक घेऊन माझ्याकडे आला आणि "काय करू?" असं त्याने विचारलं, तर मी त्याला आधी पोलीस ठाण्यातच जायला सांगेन. सोबतही जाईन. दरखास्तीला किती वर्षं लागतील हे मला माहीत असताना त्याला दुसरं काही सांगण्याचं धाडस माझ्यात नाही.